गजकर्ण, टाकळा आणि ओल

महाड आणि पोलादपूर या दोन तालुक्यांत ज्येष्ठाच्या अखेरीपासून भाद्रपदापर्यंत जमीन, भिंत, वलणीवरचा कपडा आणि माणसाची कातडी यांपैकी कोणतीच गोष्ट पुरती वाळत नाही, आणि पुरुषांच्या जांघेत, कमरेभोवती व पायाच्या बोटांच्या बेचक्यांत होणाऱ्या बुरशीच्या विकारांचा विचार याच साध्या वस्तुस्थितीपासून सुरू करावा लागतो. सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेल्या या टापूत वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास आणि घाटाकडे त्याहून बराच अधिक पाऊस पडतो. महाबळेश्वरला उगम पावणारी सावित्री पोलादपुरावरून खाली येते, महाडच्या परिसरात तिला काळ आणि गांधारी या नद्या मिळतात, आणि बाणकोटच्या खाडीतून वर चढणारी भरती या साऱ्या पाण्याला अडवून धरते. २२ जुलै २०२१ रोजी तळिये गावावर कोसळलेली दरड आणि त्याच पावसात बुडालेले महाड शहर ही या भूगोलाची टोकाची रूपे होत. महापुराची नोंद इतिहासात होते, मात्र दर पावसाळ्यात घराघरांत मुरणाऱ्या ओलीची दखल कोणी घेत नाही, आणि ती ज्या कातडीवर उमटते त्या कातडीचा धनी ती झाकून ठेवतो.

त्वचेच्या सर्वांत वरच्या, मृत पेशींच्या थरात केराटिन नावाचे प्रथिन असते, आणि नखे व केसही त्याचेच बनलेले असतात. हे केराटिन खाऊन जगणाऱ्या बुरशींच्या एका गटाला डर्माटोफाइट म्हणतात. त्यांच्यामुळे होणाऱ्या विकाराला मराठीत गजकर्ण किंवा नायटा ही नावे आहेत. ही बुरशी एका ठिकाणी रुजते आणि तेथून चहूबाजूंनी बाहेर सरकते. मागे पडलेला मधला भाग निवळतो, पुढे सरकणारी कड मात्र लाल, किंचित उठलेली आणि बारीक कोंडा सुटणारी राहते, म्हणून चट्ट्याला कड्यासारखा आकार येतो. चिखल्या हा याहून वेगळा प्रकार आहे. भातखाचराच्या चिखलात दिवस-दिवस उभे राहिल्याने बेचक्यांतील कातडी पांढरी, फुगीर आणि भुसभुशीत होते, मग ती फाटते, आणि त्या फटीत कॅन्डिडा नावाची यीस्टसारखी बुरशी, डर्माटोफाइट आणि जिवाणू असे सारेच एकत्र नांदू लागतात. छातीपाठीवर फिकट ठिपक्यांनी उमटणारे शिबे तिसऱ्याच, मालासेझिया नावाच्या बुरशीचे असतात. ही बुरशी एरवीही प्रत्येकाच्या कातडीवर असते आणि घाम व तेलकटपणा वाढला की बळावते. गावात या तिन्हींना सरसकट ‘खाज’ म्हटले जाते आणि तिन्हींवर एकच मलम चोळले जाते, त्यामुळे पहिली चूक औषध निवडण्याच्याही आधी, नाव ठेवण्यातच होऊन बसते.

पुरुषांच्या बाबतीत जांघेचे गजकर्ण विशेष त्रासदायक ठरते, कारण तेथे कातडीला कातडी घासते, घाम अडकतो आणि वारा पोचत नाही. वृषणाची कातडी या बुरशीतून सहसा सुटते. ती स्वतःच लाल होऊन चुरचुरू लागली तर कॅन्डिडाची, किंवा लावलेल्या मलमानेच केलेल्या इजेची शंका घ्यावी लागते. जांघेतील बुरशी अनेकदा पायातून आलेली असते, ही गोष्ट मात्र फारशी कोणाला ठाऊक नसते. लावणीच्या दिवसांत तिन्हीसांजेला शेतावरून परतलेला गडी ओहोळावर पाय धुतो, खांद्यावरच्या त्याच ओल्या पंच्याने आधी पोटऱ्या, मग बोटे आणि शेवटी मांड्या पुसतो, आणि अंतर्वस्त्र चढवताना त्याची इलॅस्टिकची पट्टी बेचक्यांवरून घासत वर नेतो. या दोन मिनिटांच्या हालचालीत बुरशीचा प्रवास पुरा होतो. जांघ आधी पुसावी, पाय शेवटी आणि वेगळ्या फडक्याने. मोजे घालायचे असतील तर ते अंतर्वस्त्राच्या आधी घालावेत: एवढ्या क्रमबदलाने हा मार्ग बराचसा बंद होतो, आणि त्यासाठी एक पैसाही लागत नाही.

‘नैसर्गिक उपाय’ म्हटले की वाचकाच्या मनात झाडपाला उभा राहतो, आणि कोकणात तर या बाबतीत एक भक्कम उमेदवार आहे. पहिल्या पावसाबरोबर बांधावर, रस्त्याच्या कडेला आणि पडीक अंगणात उगवणारा टाकळा कोवळा असताना कांदा घालून भाजी करून खाल्ला जातो. पुढे त्याला पिवळी फुले आणि कोयतीसारख्या लांब, बारीक शेंगा येतात, व त्या शेंगांतील कडक बिया ताकात किंवा लिंबाच्या रसात वाटून नायट्यावर लावण्याची रीत जुनी आहे. संस्कृत ग्रंथांत गजकर्णाला दद्रु म्हणतात आणि टाकळ्याच्या अनेक नावांपैकी एक ‘दद्रुघ्न’, म्हणजे दद्रूचा नाश करणारा, असे आहे. या नावामागे आधार आहे. टाकळ्याच्या बियांत क्रायसोफॅनिक आम्लासारखी, अँथ्राक्विनोन या कुळातील द्रव्ये असतात आणि प्रयोगशाळेत ती बुरशीची वाढ रोखतात. अडचण पुढची आहे. एका घरी वाटलेल्या बियांत हे द्रव्य किती आहे, ते कातडीत किती खोल उतरते आणि किती दिवस टिकते, हे कोणीच मोजलेले नसते. शिवाय लिंबाच्या रसाने सोललेल्या कातडीला होणारी आग हीच गुणाची खूण मानली जाते.

याच कुळातील एका द्रव्याचा इतिहास पश्चिम किनाऱ्याशी निगडित आहे आणि तो ‘नैसर्गिक’ या शब्दावर चांगला प्रकाश टाकतो. एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या बाजारात ‘गोवा पावडर’ नावाची पिवळट-तपकिरी भुकटी गजकर्णावरचा गुप्त आणि महागडा उपाय म्हणून विकली जाई. १८६४ मध्ये मुंबईतील केम्प या औषधविक्रेत्याने ती इंग्लंडमधील औषधशास्त्रज्ञांच्या नजरेस आणली, आणि पुढल्या दशकात असे उघड झाले की ही भुकटी गोव्याची नाहीच. ब्राझीलमधील अरारोबा या झाडाच्या खोडातील पोकळ्यांत ती साठते आणि पोर्तुगीज व्यापाराच्या वाटेने गोव्यात उतरते. १८७५ मध्ये अ‍ॅटफील्ड या रसायनशास्त्रज्ञाने तिचे पृथक्करण केले, त्यातील क्रायसारोबिन त्वचारोगांवर वापरात आले, आणि १९१६ मध्ये त्याच धर्तीवर डिथ्रॅनॉल हे कृत्रिम औषध तयार झाले, जे सोरायसिससाठी आजही वापरतात. भुकटी गुणकारी होती, पण तितकीच दाहकही होती. ती डोळ्यांत गेली तर डोळे सुजत, कपड्यावर पडली तर डाग जात नसे, आणि नाजूक जांघेत लावली तर कातडी पोळे. झाडातून आलेले द्रव्य सौम्यच असते, या समजुतीला गोवा पावडरीने दीडशे वर्षांपूर्वीच उत्तर दिलेले आहे. चिखल्यांवर बिब्याचे तेल किंवा काजूच्या टरफलाचा चीक लावणारे आणि जांघेवर लसूण ठेचून बांधणारे हेच उत्तर फोडांच्या रूपाने पुन्हा मिळवतात. उलट दिशेचे उदाहरणही ध्यानात घ्यावे. १९०७ पासून वापरात असलेल्या व्हिटफील्डच्या मलमातील बेन्झोइक आम्लाला नाव मिळाले ते धुपात घालतात त्या लोबानाच्या डिंकावरून, सॅलिसिलिक आम्लाला विलो या झाडावरून, आणि गजकर्णावर पोटातून घेण्याचे पहिले परिणामकारक औषध, ग्रिसिओफुल्विन, तर पेनिसिलियमच्या एका बुरशीपासूनच मिळाले. झाडपाला एका बाजूला आणि रसायन दुसऱ्या बाजूला ही विभागणी या रोगाच्या संदर्भात टिकत नाही.

खरी आपत्ती वेगळ्याच दारातून आली. दुकानात ‘खाजेची ट्यूब’ म्हणून मागितल्या जाणाऱ्या अनेक मलमांत बुरशीनाशकाबरोबर जिवाणूनाशक आणि क्लोबेटॅसोलसारखे तीव्र स्टेरॉइड एकत्र कालवलेले असते. स्टेरॉइड दाह दाबते, म्हणून दोन दिवसांत खाज थांबते आणि लाली उतरते. पण ते त्वचेची प्रतिकारशक्तीही दाबते, त्यामुळे बुरशी बिनधास्त वाढत राहते, कड्याची ओळखीची कड पुसली जाते, आणि तज्ज्ञालाही चट्टा ओळखणे अवघड होते. मलम थांबवले की रोग दुप्पट जोमाने उसळतो, रुग्ण पुन्हा तीच ट्यूब आणतो, आणि काही महिन्यांनी जांघेची कातडी पातळ होऊन तिच्यावर कायमच्या भेगांसारखे पट्टे उमटतात. केंद्र सरकारने २०१८ मध्ये त्वचेवर लावायची अनेक स्टेरॉइडे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय न विकण्याच्या औषधांत घातली आणि त्याच वर्षी शेकडो मिश्र औषधांवर बंदी आणली. तरी चिठ्ठीशिवाय ट्यूब मिळण्याचे बंद झाले, असे म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही. गेल्या दशकात भारतभर पसरलेल्या हट्टी गजकर्णामागे ट्रायकोफायटॉन इंडोटिनी या बुरशीचा मोठा हात आहे. जपानी संशोधकांनी २०२० मध्ये तिचे हे नाव ठेवले. तिच्या अनेक वाणांवर टर्बिनाफिन हे हुकमी औषध चालत नाही, कारण ज्या वितंचकावर, म्हणजे बुरशीच्या पेशीतील ज्या कामकरी प्रथिनावर, हे औषध घाव घालते त्याची घडणच बदललेली असते. २०२३ मध्ये न्यूयॉर्कमध्येही तिचे रुग्ण आढळले आणि भारताच्या नावाचा अंश वागवणारी ही बुरशी जगाच्या काळजीचा विषय झाली.

पुरुष डॉक्टरकडे न जाता ट्यूबकडे का वळतो, हा प्रश्न वैद्यकापेक्षा समाजाचा आहे. जांघ दाखवायची लाज हे कारण आहेच, पण त्याखाली आणखी एक थर आहे. आयुर्वेदाच्या जुन्या संहितांत दद्रु आणि सिध्म (म्हणजे शिबे) यांची गणना ‘कुष्ठ’ या व्यापक वर्गात होते. चरक दद्रूला क्षुद्रकुष्ठांत घालतो तर सुश्रुत महाकुष्ठांत. तेथे कुष्ठ म्हणजे एकंदर त्वचाविकार, पण पुढे तोच शब्द महारोगाला चिकटला आणि कातडीवरचा कोणताही डाग लपवण्याजोगा ठरला. इंग्रज सोल्जरांनी हिंदुस्थानात जांघेच्या गजकर्णाला ‘धोबी इच’ असे नाव देऊन त्याचा सारा दोष कपडे धुणाऱ्यावर ढकलला होता. घट्ट बूट, जाड कापड आणि घामट बराकी यांचा विचार त्या नावात नव्हता. अस्वच्छ म्हणजे दुसरा कोणीतरी, ही वृत्ती महाडला परकी नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर आणि त्यांच्या अनुयायांनी चवदार तळ्याचे पाणी प्यायल्यावर शेणगोमूत्र, दूध-दही यांच्या १०८ घागरींनी ते तळे ‘शुद्ध’ करण्यात आले होते. शुद्ध आणि स्वच्छ या दोन शब्दांत किती अंतर असू शकते, याचे याहून बोलके उदाहरण क्वचितच मिळेल. गजकर्ण हा घाणेरडेपणाचा पुरावा नव्हे. दिवसातून दोनदा साबण लावणाऱ्यालाही ते होते, कारण साबणाने खरवडलेली व नीट न पुसलेली कातडी बुरशीला सोयीचीच असते.

तेव्हा प्रतिबंधाचा खरा नैसर्गिक उपाय म्हणजे बुरशीची राहण्याची जागा मोडणे, आणि ती जागा ओलीची आहे. हे बोलायला सोपे आणि महाड-पोलादपुरात चार महिने करायला कठीण आहे. पूर्वीचा शेतकरी गुडघ्यावर धोतर, उघड्या पोटऱ्या आणि डोक्यावर इरले किंवा घोंगडी घेऊन खाचरात उतरे. त्या वेशात पाऊस लागत असे, पण वाराही लागत असे. आज नायलॉनची ट्रॅकपँट, तिच्या आत घट्ट अंतर्वस्त्र आणि वर प्लॅस्टिकचा रेनकोट असा वेश झाला आहे, जो बाहेरचे पाणी थोडे अडवतो आणि आतला घाम सगळा अडवतो. जुन्या वेशाचे गोडवे गाण्याचे कारण नाही, कारण कसून बांधलेला, पदरावर पदर असलेला ओला लंगोटही तितकाच वाईट. मुद्दा कापडाच्या वयाचा नसून हवेच्या वाटेचा आहे. महाडच्या औद्योगिक वसाहतीत रबरी गमबूट घालून आठ-आठ तास उभा राहणारा कामगार दिवसभर जणू स्वतःचेच खाचर पायात घेऊन वावरतो. मुंबईला एकाच खोलीत दहाबारा जणांनी पाळीपाळीने झोपण्याची चाकरमान्यांची जुनी रीत, तेथील सामाईक टॉवेल आणि अंथरूण, आणि गणपतीला गावी येताना बॅगेतून आलेले तेच कपडे, या वाटेने बुरशी शहर आणि गाव यांच्यामध्ये ये-जा करत राहते.

कोरडेपणा हा वैयक्तिक सवयीपेक्षा कामाच्या वेळापत्रकाचा प्रश्न कसा असतो, हे १९६० च्या दशकाच्या अखेरीस व्हिएतनाममध्ये दिसले. मेकाँगच्या मुखाजवळील भातखाचरांत सतत चालणाऱ्या अमेरिकी पलटणींतील सैनिक गोळीपेक्षा पायांच्या आणि जांघांच्या विकारांनी अधिक संख्येने बाद होऊ लागले, तेव्हा पावडरी आणि मलमांपेक्षा एका नियमाचा उपयोग झाला: कोणत्याही पलटणीला सलग सुमारे दोन दिवसांहून अधिक काळ पाण्यात ठेवायचे नाही आणि त्यानंतर पाय वाळवायला सवड द्यायची. लावणी मजुरीने उरकणाऱ्या माणसाला अशी सवड कोणता सेनापती देणार, हा प्रश्न मात्र उरतोच. दुपारच्या भाकरीच्या वेळी अर्धा तास पाय पाण्याबाहेर, कोरड्या पंच्याने पुसून, उघड्या वाऱ्यावर ठेवणे एवढे तरी बांधावर शक्य आहे. आणि कारखान्यात बुटांचे दोन जोड, एक वापरात आणि एक वाळत, ही मागणी हेल्मेटाइतकीच रास्त आहे.

घरात जे साधते ते बहुधा जुन्याच साधनांनी साधते. बुरशीचे बीज सुटलेल्या कोंड्याबरोबर कपड्यांत आणि अंथरुणात महिनोन्‌महिने तग धरते आणि साध्या गार पाण्याच्या धुण्याने जात नाही. ६० अंशांच्या आसपासच्या पाण्याने मात्र त्याचा निकाल लागतो. न्हाणीतल्या बंबाचे कढत पाणी म्हणूनच या रोगात कोणत्याही मलमाइतके मोलाचे आहे: अंतर्वस्त्रे, पंचे आणि मोजे वेगळ्या बादलीत काढून त्यावर ते ओतावे, अर्धा तास ठेवावे, मग धुऊन पिळून चुलीजवळच्या वलणीवर वाळत घालावे, आणि तरीही दमट राहिलेल्या शिवणी व इलॅस्टिकवरून इस्त्री फिरवावी, कारण ओल सर्वांत शेवटी तेथेच राहते. अंघोळीचे पाणी मात्र कोमट हवे. कढत पाण्याने खाजेला घटकाभर बरे वाटते आणि कातडी अधिक कोरडी पडून फुटते. चिखलात उतरण्याआधी टाचांना आणि बोटांना कोकमतेल चोळण्याची कोकणी रीत समजण्याजोगी आहे, कारण तो थर पाणी अडवतो, पण एकदा बेचके फाटून पाझरू लागल्यावर तेच तेल ओल आत कोंडते. जांघेत तर कोणतेही तेल, खोबरेलसुद्धा, लावू नये. एका घरात एकाला गजकर्ण असेल तर सर्वांना तपासून एकाच वेळी उपचार करावे लागतात; नाहीतर नवरा बरा होईपर्यंत बायकोला आणि ती बरी होईपर्यंत मुलाला, असा हा फेरा चालूच राहतो.

रोग जडल्यावर मात्र कोरडेपणा पुरत नाही आणि तपासणीला पर्याय नाही. चट्ट्याच्या कडेचा कोंडा बोथट पात्याने खरवडून काचपट्टीवर घ्यायचा, त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकायचा आणि काही मिनिटांनी सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे धागे पाहायचे: क्षयाचे थुंकीनमुने आणि हिवतापाचे रक्तनमुने जेथे तपासले जातात तेथे हे सहज होण्याजोगे आहे. याच महाड तालुक्यात, बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात, डॉ. हिम्मतराव बावस्करांनी सत्तरच्या दशकात लाल विंचू चावलेल्या रुग्णांच्या खाटेशी रात्ररात्र बसून लक्षणे टिपली, १९८२ मध्ये ती ‘लॅन्सेट’मध्ये मांडली, आणि रक्तदाबावरचे प्राझोसिन हे स्वस्त औषध वापरून मृत्यूंचे प्रमाण एक टक्क्यापर्यंत खाली आणले. तेव्हाही विंचवावर मंत्र आणि झाडपाला होताच. मंत्राला शिव्या न घालता त्यांनी नाडी, घाम आणि रक्तदाब मोजला. टाकळ्याच्या बियांना हाच न्याय का मिळू नये? त्यांचा लेप ठरावीक मात्रेत, कोंडा तपासून निदान झालेल्या रुग्णांवर, नेहमीच्या मलमाच्या तुलनेत पाहिला गेला, तर ‘दद्रुघ्न’ हे नाव किती खरे ते कळेल. तोवर नव्या, नखाएवढ्या, ट्यूब न लागलेल्या चट्ट्यावर कोणी तो लेप लावून पाहिला तर फार बिघडणार नाही. पंधरा दिवसांत उतार पडला नाही, किंवा चट्टे पसरले, नखे जाड झाली, पाय सुजून ताप आला, किंवा रुग्णाला मधुमेह असला, तर मात्र त्यात वेळ घालवू नये. फिकट चट्ट्यावर स्पर्श कळत नसेल तर ते शिबे नव्हेत, कुष्ठरोगाची शंका घेऊन त्याच आठवड्यात सरकारी दवाखाना गाठावा. तेथे त्याचे औषध मोफत मिळते आणि वेळीच घेतले तर हातापायांची हानी टळते. बुरशीनाशक उपचारही खाज थांबली म्हणून सोडायचे नसतात. चट्टा दिसेनासा झाल्यावरही साधारण दोन आठवडे, आणि चट्ट्याच्या कडेबाहेर दोन बोटे अधिक, मलम लावत राहावे लागते.

घटस्थापनेच्या सुमारास ऊन तापू लागते, अंगणात गोधड्या पडतात, भात कापणीला येते आणि पुष्कळांचे गजकर्ण विशेष काही न करता निवळते. ज्याने आदल्या आठवड्यात ट्यूब लावलेली असते तो गुण ट्यूबेला देतो, ज्याने लेप लावलेला असतो तो टाकळ्याला. पावसाळ्यातला जाड पट्टा, गमबूट आणि आतल्या मऊ अस्तराचा रेनकोट मात्र उन्हात न पडता तसाच माळ्यावर जातो, आणि पुढल्या मृगाला तेथूनच खाली उतरतो.